फुप्फुस पाण्यावर तरंगतं

हे मला नवव्या वर्षापासून ठाऊक आहे.
एल आल्तोच्या कत्तलखान्यात
काळीज बादलीत टाकलं की तळाला जातं,
गुर्दे जातात, प्लीहा जाते,
फुप्फुस तेवढं वर येतं.
हाताने दाबून धरलं तरी
बोटांच्या फटीतून वर येऊ बघतं.
आमच्या धंद्यात त्याला भाव नाही.
तो कुत्र्यांचा वाटा.

माझी मुलगी बारा आठवडे आधी आली.
अकराशे ग्रॅम.
त्याहून जड जिभा मी रोज तराजूत टाकतो.
दर श्वासाला तिच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या,
कातडीखाली कुणी मूठ आवळावी तशा.

डॉक्टर खालच्या सखल मुलखातला, सांताक्रूझचा,
दोन जिने चढून स्वतःच धापा टाकत होता.
पावतीच्या पाठीवर त्याने द्राक्षांचा घोस काढला.
मी म्हणालो, साहेब, मी फुप्फुसं चिरलेली आहेत,
आत द्राक्षं नसतात.
ओल्या पावासारखं असतं, दाबलं की फेस येतो.
तो जरा थांबला. मग म्हणाला,
बरं, त्या फेसातला एक बुडबुडा घे.

बुडबुड्याची भिंत म्हणजे पेशी.
इतकी पसरट, इतकी पातळ
की स्वतःला म्हणून तिने काही राखलेलंच नाही.
पलीकडे रक्त,
तांबड्या पेशी अंग चोरून एका रांगेत.
प्राणवायू इकडून तिकडे जातो,
वापरलेली हवा तिकडून इकडे येते.
ढकलतं कोण, मी विचारलं.
कुणीच नाही. जिथे जास्त, तिथून जिथे कमी, तिथे.

असा व्यवहार मी जन्मात पाहिलेला नाही.
आणि इथे, चार हजार मीटरवर,
जास्त म्हणजे तरी किती जास्त?

मग तो दुसऱ्या पेशीबद्दल बोलला.
कोपऱ्यात बसते, बुटकी, ठेंगणी,
साबणासारखं काहीतरी पाझरत राहते.
ते नसलं की ओल ओलीला चिकटते,
बुडबुडा मिटतो,
भिजलेली पिशवी मिटते तसा,
आणि पुन्हा उघडायला प्रत्येक वेळी पहिल्या श्वासाइतकं बळ लागतं.
तिच्या या बुटक्या पेशी
अजून कामावर रुजू झाल्या नव्हत्या.

नर्स निएवेसने फ्रिजमधून बाटली काढली,
तळहातात धरून बसली, ऊब येईपर्यंत.
आत पांढरं, पातळ दुधासारखं.
काय आहे, मी विचारलं.
गाईगुरांच्या फुप्फुसांतून काढतात, ती म्हणाली.

मी माझी नखं पाहिली.

बासिलिया वरच्या मजल्यावर टाके घेऊन झोपली होती.
तिला हे सांगितलं नाही.
अजून सांगितलेलं नाही.

साडेचार मिलिलिटर, नळीतून, थोडं थोडं.
पहाटेकडे बरगड्यांनी मूठ सोडली.
पडद्यावर शहाऐंशी.
डॉक्टरच्या कपाळाला आठ्या.
निएवेस म्हणाली, खालचे आकडे खाली ठेवा,
इथल्या लेकराला एवढे चालतात.
आणि तिने खिडकीचा पडदा सरकवला,
उजेड डोळ्यांवर येत होता म्हणून.

गुरुवारी कामावर गेलो.
पहिलं फुप्फुस हाती आलं, कोमट.
कुत्री दाराशी बसलेलीच होती.
मी श्वासनळीला तोंड लावलं
आणि फुंकर घातली.
ते फुगलं. गुलाबी झालं, कडेपर्यंत,
मला वाटलं होतं त्याहून कितीतरी मोठं,
दोन्ही हातांत मावेना.
मुकादम कासिमिरो ओरडला, एलेउतेरिओ, डोकं फिरलं का?

तोंड काढल्यावर ते बसत गेलं,
पण पुरतं बसलं नाही.
आत थोडी हवा राहिली.
बराच वेळ राहिली.

मग टाकलं कुत्र्यांना.
त्यांनी सकाळपासून वाट पाहिली होती.